दाखल्याच्या अर्जावर सही करू नका

प्रश्न : माझा मुलगा खासगी विनाअनुदानित शाळेत दुसरीत आहे. त्याला स्वमग्नता (ऑटिझम) आहे, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर 50 टक्के लिहिलंय. घंटा वाजली की तो कान दाबून बाकाखाली शिरतो. मुख्याध्यापिका म्हणतात, ‘स्वखर्चाने मदतनीस ठेवा, नाहीतर विशेष शाळेत घाला.’ ‘स्वेच्छेने दाखला नेत आहोत’ असा अर्ज सहीसाठी दिलाय. काय करू?

उत्तर : ताई, सही करू नका. सगळी गोम त्या ‘स्वेच्छेने’मध्ये आहे. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 16 नुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. शाळेला हे ठाऊक असतं, म्हणून तर तुमची सही हवी असते. (शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर हा कायदा सध्या तिला लागू नाही. पुढे सांगते तो दिव्यांगांचा कायदा लागू आहे.)

विशेष शाळेचं म्हणाल, तर दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चं कलम 31 वाचा. 40 टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वर्षांच्या मुलाला जवळची शाळा किंवा विशेष शाळा, दोन्ही खुल्या आहेत. निवड मुलाची, मुख्याध्यापिकांची नव्हे.

अवघड आहे तो मदतनीसाचा खर्च. याच दिव्यांग अधिनियमाच्या कलम 16 नुसार मान्यताप्राप्त शाळांनी वाजवी सोयी आणि मुलागणिक साहाय्य द्यावं, यासाठी सरकारने झटायचं आहे. पण ‘अवाजवी बोजा’ पडेल अशी सोय कायदा मागत नाही, आणि शाळा नेमकं तेच पुढे करेल. म्हणून मागणी घंटेपासून सुरू करा : घंटेपासून लांबचं बाक, कानांवर हेडफोन लावायची मुभा, घंटेआधी दोन मिनिटं बाहेर जायची सवलत. बिनखर्चाच्या सोयी नाकारल्या तर बोज्याचा बचाव टिकणं कठीण. मग विशेष शिक्षकाबद्दल विचारा. प्राथमिकला अशा 10 मुलांमागे एक, हे प्रमाण सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये घालून दिलंय.

हे सगळं थेरपिस्टच्या चिठ्ठीसह लेखी द्या आणि पोच घ्या. मुख्याध्यापिका तोंडी बोलल्या तेही त्याच दिवशी ईमेलने कळवा : ‘आज आपण असं म्हणालात.’ पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर शिक्षण विभागाकडे आणि राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. कलम 89 खाली पहिल्या उल्लंघनाला दंड फक्त 10,000 रुपयांपर्यंत आहे, पण आयुक्तांची नोटीस पोचली की शाळेचा सूर बदलतो, असा माझा अनुभव.

तोवर फी वेळेवर भरा आणि मुलाला रोज शाळेत पाठवा. रागाने घरी ठेवलंत तर ती गैरहजेरी तुमच्याच विरुद्ध दाखवतील.