अकरावी सायन्सचं गणित: ‘वर्गात समजतं, पेपरात सुचत नाही’

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलीला दहावीला सेमीमधून गणितात ९२, कॉलेज रोडच्या कॉलेजात सायन्सला प्रवेश, आणि पहिल्या युनिट टेस्टला २५ पैकी ९. ती म्हणते, वर्गात समजतं पण पेपरात सुचत नाही. तुम्ही विचारताय की क्लास बदलावा, की गणित सोडून नुसतं बायोलॉजी ठेवावं. मी नाशकातच बरीच वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांचं गणित घेतोय. ऑगस्ट-सप्टेंबरात हा प्रश्न घेऊन येणारे पालक दरवर्षी भेटतात, आणि बहुतेकांची मुलं हुशारच असतात. तेव्हा ९ मार्क म्हणजे आभाळ कोसळलं असं नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखेही नाहीत ते.

आधी त्या ९२ बद्दल बोलू. दहावीत बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत २०. हे २० जवळपास सगळ्यांना भरभरून मिळतात. उरलेल्या ८० मध्ये सराव इतका झालेला असतो की प्रश्न बघितल्या बघितल्या कोणत्या साच्यातला आहे ते कळतं. अकरावीत साचा दिसत नाही. एकाच गणितात त्रिकोणमितीचं सूत्र, वर्गसमीकरण आणि अपूर्णांकांची झटापट असं सगळं एकत्र येतं. शिवाय बालभारतीच्या पुस्तकाचे दोन भाग, प्रत्येकी ९ प्रकरणं. कॉलेज सुरू व्हायलाच पावसाळा उजाडतो, आणि फेब्रुवारीपर्यंत १८ प्रकरणं उरकायची असतात. सर एका प्रकरणावर दहावीसारखा महिनाभर थांबू शकत नाहीत. त्यात अकरावीचा पेपर कॉलेजच काढतं, बोर्ड नाही, म्हणून ‘हे वर्ष जरा आरामाचं’ असं घराघरात बोललं जातं. ते मुलांच्या कानावर पडतंच.

आता मुद्द्याचं. अकरावीच्या गणितात मुलं अडतात ती नवीन विषयामुळे नाही, नववी-दहावीच्या बीजगणितामुळे. हे सांगितलं की पालकांना पटत नाही, म्हणून एक उदाहरण देतो. लिमिटचं, म्हणजे एक्स एखाद्या किमतीजवळ जाताना उत्तर कशाजवळ जातं ते काढायचं, साधं गणित घ्या: अंशात वर्गमूळ (एक्स + ४) वजा २, छेदात एक्स, आणि एक्स शून्याकडे जातोय. थेट शून्य टाकलं तर शून्य भागिले शून्य येतं, म्हणजे आधी रूप बदलायला हवं. वर-खाली वर्गमूळ (एक्स + ४) अधिक २ ने गुणायचं. नववीतली परिमेयीकरणाचीच युक्ती, फक्त तिथे छेदावर केली होती, इथे अंशावर. अंशात एक्स + ४ − ४, म्हणजे नुसता एक्स उरतो. तो छेदातल्या एक्सबरोबर जातो. मग शून्य टाकायचं, उत्तर १/४. यात लिमिटची म्हणावी अशी शेवटची एकच ओळ. आधीचं सगळं नववीचं. पण मुलं काय करतात? वर्गमूळ (एक्स + ४) चं सरळ ‘वर्गमूळ एक्स, अधिक २’ करून मोकळी होतात, आणि मग घरी सांगतात की लिमिट अवघड आहे.

दुसरी चूक तर इतकी रुळलेली आहे की चांगल्या मार्कांची मुलंही करतात. साइन २थीटा = कॉस थीटा, ० ते २पाय (२π) मधली उत्तरं काढा. डावीकडे २ साइन थीटा कॉस थीटा लिहिलं की दोन्हीकडे कॉस थीटा दिसतो, आणि पेन आपसूक त्याच्यावर काट मारतं. उरतं साइन थीटा = १/२, उत्तरं पाय/६ आणि ५पाय/६. पाय/२ आणि ३पाय/२ गायब, कारण कॉस थीटा शून्यही असू शकतो आणि शून्याने भागता येत नाही. सगळं एका बाजूला आणून कॉमन काढलं असतं तर चारही उत्तरं मिळाली असती. तुमच्या मुलीला आज संध्याकाळी हे एक गणित द्या. तिने काट मारली, तर दुखणं कुठे आहे ते कळेल, आणि त्याला महागडा क्लास लागत नाही. नववीचं आणि दहावीचं बीजगणिताचं पुस्तक कपाटातून काढा. अवयव, बहुपदी, करणी, घातांक, वर्गसमीकरणं एवढंच, रोज अर्धा तास, दिवाळीपर्यंत. मुलांना हे कमीपणाचं वाटतं. वाटू द्या.

‘समजतं पण सुचत नाही’ याचं कारण तिच्या अभ्यासाच्या पद्धतीत सापडेल. बहुतेक मुलं सोडवलेलं उदाहरण वाचतात, मान डोलावतात, पुढचं वाचतात. सर फळ्यावर सोडवतात तेही तसंच, एकेक ओळ पटत जाते. पण दुसऱ्याची ओळ पटणं आणि कोऱ्या कागदावर स्वतःची पहिली ओळ लिहिणं यात पोहणं बघणं आणि पोहणं इतका फरक आहे. म्हणून माझ्याकडे एकच सक्ती असते. उदाहरण एकदा वाचायचं, वही बंद करायची, कोऱ्या कागदावर सोडवायचं. अडलं तर वही उघडून फक्त पुढची एक ओळ बघायची, परत बंद. दुसऱ्या दिवशी तेच उदाहरण पहिल्यापासून, काही न बघता. सुरुवातीला तासाभरात चार-पाच गणितंच होतात आणि मुलं वैतागतात, कारण मैत्रिणीचा अख्खा एक्झरसाइज ‘झालेला’ असतो. तो गाइडमधून उतरवलेला असतो ते कोणी सांगत नाही.

हे रोज व्हायला हवं. रविवारी पाच तास बसून आठवड्याचं गणित होत नाही. वर्गात झालेला भाग त्याच संध्याकाळी हाताखालून गेला तर पाऊण तासात होतो, चार दिवसांनी तोच दोन तास खातो.

पाठांतराबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. त्रिकोणमितीच्या दुसऱ्या प्रकरणात सूत्रांची रांग लागते आणि मुलं तक्ता करून भिंतीवर चिकटवतात. साइन (ए + बी), कॉस (ए + बी) आणि साइन वर्ग अधिक कॉस वर्ग बरोबर १, एवढी पक्की ठेवावीत. बाकीची त्यातून काढता येतात. बी च्या जागी ए टाकला की डबल अँगल, बी च्या जागी वजा बी टाकला की वजाबाकीची, आणि दोन्हींची बेरीज-वजाबाकी केली की गुणाकाराची सूत्रं. सिटीलिंकच्या बसमध्ये उभं राहून गणित सोडवता येत नाही, पण कॉस २ए ची तिन्ही रूपं मनातल्या मनात काढून बघता येतात. आठ-दहा वेळा काढलं की पाठ आपोआप होतं, आणि पेपरात विसरलं तरी पुन्हा काढता येतं.

आता पुस्तकाच्या क्रमाबद्दल. फंक्शन्सचं प्रकरण दुसऱ्या भागात सहावं आहे. त्याच्यामागे लिमिट्स, कंटिन्युइटी, डिफरन्सिएशन. बहुतेक ठिकाणी हे चौघं वर्षाच्या शेवटी घाईघाईत उरकले जातात. आणि तिकडे फिजिक्सच्या पुस्तकात दुसरंच प्रकरण गणिती पद्धतींचं, त्यात व्हेक्टरसोबत डेरिव्हेटिव्ह-इंटिग्रलची ओळख! म्हणजे फिजिक्सचे सर जुलै-ऑगस्टमध्ये जे गृहीत धरून पुढे जातात, ते गणितात जानेवारीनंतर येतं. मुलगी ‘फिजिक्सही कळत नाही’ म्हणत असेल तर तिचा दोष नाही. दिवाळीच्या सुट्टीत फंक्शन्स स्वतःहून वाचून काढावं. डोमेन, रेंज म्हणजे काय, आणि एक्सचा वर्ग, मॉड एक्स, १ भागिले एक्स, साइन, लॉग यांचे आलेख ग्राफ पेपरवर हाताने, किमती काढून. नंतर मोबाइलवर डेसमॉस या आलेख काढणाऱ्या ॲपमध्ये ताडून बघायला हरकत नाही. आधी मोबाइल बघितला तर हात शिकत नाही.

कॅल्क्युलेटरचंही तसंच. बारावी बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं. तेव्हा आकडेमोड आत्तापासून हाताने. आपल्या देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या कापरेकर मास्तरांनी ६१७४ ची गंमत जगाला दाखवली ती कागद-पेन्सिलवरच. कोणतीही चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, शेवटी ६१७४ वर येऊन थांबता. ३५२४ घेतली तर तिसऱ्या वजाबाकीलाच येते. घरात लहान भावंड असेल तर जेवताना करून बघा.

क्लासचं. कॅनडा कॉर्नरपासून कॉलेज रोडपर्यंत पाट्याच पाट्या आहेत आणि प्रत्येक पाटीवर टॉपरचे फोटो. माझं म्हणणं, कोणता क्लास यापेक्षा मुलीच्या दिवसात स्वतः सोडवायला किती तास उरतात ते मोजा. कॉलेज, प्रॅक्टिकल, प्रवास, क्लासचे तीन तास, वर क्लासचे व्हिडिओ. हे सगळं शिकवून घेणं झालं. सोडवायचं कधी? सध्याच्या क्लासमध्ये तिची वही कोणी तपासतं का, एवढं विचारा. तपासत असतील तर क्लास बदलू नका. शंभर मुलांच्या बॅचमध्ये ते होत नाही, मग नाव कितीही मोठं असो. आणि अकरावीतच पर्याय टाकून उत्तर काढायचे शॉर्टकट शिकवत असतील तर सावध राहा. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या सीईटीला ९० मिनिटांत गणिताचे ५० प्रश्न असतात, तिथे ते कामाला येतात, पण बारावीच्या दुसऱ्या सहामाहीत. आत्ता ती सवय लागली तर बोर्डाच्या चार मार्कांच्या प्रश्नात पायऱ्या लिहिता येत नाहीत.

सीईटीचा विषय निघालाय तर हेही सांगतो. आजवरच्या पद्धतीप्रमाणे त्यातला साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो, म्हणजे गणितात दहाएक प्रश्न, प्रत्येकी २ मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही. तेही सगळ्या प्रकरणांवर नाहीत. त्रिकोणमितीचा दुसरा भाग, सरळ रेषा, वर्तुळ, प्रोबॅबिलिटी, कॉम्प्लेक्स नंबर्स, परम्युटेशन-कॉम्बिनेशन, फंक्शन्स, लिमिट्स वगैरे ठरलेली आहेत. आयआयटी-एनआयटीच्या प्रवेशाच्या जेईईला मात्र अकरावी पूर्ण लागते.

गणित सोडण्याचा निर्णय एका युनिट टेस्टवर घेऊ नका. गणित सोडलं की इंजिनिअरिंगचा रस्ता जवळपास बंद होतो, आणि नंतर परत फिरणं कटकटीचं असतं. उलट तिला मनापासून मेडिकलकडेच जायचं असेल तर ‘असू दे हाताशी’ म्हणून गणित ओढायला लावणंही बरोबर नाही. गणित आणि बायो दोन्ही घेऊन दोन्हीकडे अर्धवट राहिलेली मुलं मी पाहतो. तिला विचारा, तेही मार्कांचा विषय न काढता. पहिली सहामाही होईपर्यंत थांबायला हरकत नाही.

तोवर एक करा. युनिट टेस्टची उत्तरपत्रिका परत मिळाली असेल तर तिलाच गेलेले १६ मार्क वाटून लिहायला सांगा: पद्धत बरोबर होती पण बीजगणितात घसरली असे किती, सूत्र आठवलं नाही असे किती, आणि सुरुवातच सुचली नाही असे किती. वेळ पुरला नाही हे चौथं कारण बरीच मुलं लिहितात. ते बहुतेक वेळा पहिल्या तिघांतच मोडतं, तरी वेगळं लिहू द्या. ते आकडे आणि टेस्टला कोणती प्रकरणं होती एवढं इथे टाका, मग क्लासचं नक्की काय करायचं ते बोलू.