वाचक विचारतात : अमेरिकेच्या यादवीनंतर स्वातंत्र्य म्हणजे नेमके काय मिळाले?

प्रश्न : १८६५ मध्ये अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपली. तरी मोकळे झालेले बहुतेक कृष्णवर्णीय पुन्हा जुन्या मालकांच्याच शेतात का राबत राहिले? – जळगाव

उत्तर : कारण जमीन मिळाली नाही. सुमारे ४० लाख माणसे नेसत्या वस्त्रानिशी मोकळी झाली. त्यांना काय हवे होते, याची लेखी नोंद आहे. १२ जानेवारी १८६५ रोजी जॉर्जियातल्या सव्हाना शहरात उत्तरेच्या सैन्याचे जनरल शर्मन आणि युद्धमंत्री स्टँटन यांनी २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून हेच विचारले. त्यांच्या वतीने ६७ वर्षांचे गॅरिसन फ्रेझियर बोलले. आठ वर्षांपूर्वी त्यांनी एक हजार डॉलरचे सोने-चांदी मोजून स्वतःला आणि पत्नीला सोडवून घेतले होते. संमतीवाचून बळाने दुसऱ्याचे श्रम घेणे ही गुलामी, आणि आपल्या कष्टाचे फळ आपल्या पदरात पडणे हे स्वातंत्र्य, असे त्यांचे म्हणणे. जमीन द्या, आम्ही ती कसू आणि ऐपत येताच विकत घेऊ, हेही त्यांनी सांगितले.

चारच दिवसांनी शर्मननी आदेश काढला : दक्षिण कॅरोलायनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीत दर कुटुंबाला ४० एकरांपर्यंत जमीन. सुमारे ४० हजार लोक तिथे वसले. मात्र लिंकनच्या हत्येनंतर अध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सननी त्याच वर्षी जुन्या मालकांना बंडाबद्दल माफी दिली आणि बहुतेक जमिनी त्यांच्याकडे परत गेल्या. सगळी पुनर्बांधणी, म्हणजे युद्धानंतर दक्षिणेची घडी नव्याने बसवण्याचा प्रयत्न, लंगडी पडली ती इथेच, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाठोपाठ दक्षिणेतल्या राज्यांनी मोकळ्या झालेल्या कृष्णवर्णीयांना जखडणारे ‘काळे कायदे’ केले. मिसिसिपीत दर जानेवारीला कामाचा लेखी पुरावा दाखवावा लागे. करार मध्येच सोडला, तर तोवरची वर्षाची मजुरी बुडे. कामाविना सापडला की भटकेपणाचा गुन्हा, त्याचा दंड, आणि दंड भरता आला नाही की जो भरेल त्याच्याकडे राबायचे. तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद केली होती, पण ‘गुन्ह्याची शिक्षा म्हणून’ सक्तीच्या श्रमाला वाट ठेवली होती. पुढे याच वाटेने हजारो कैदी मजूर म्हणून भाड्याने दिले गेले.

प्रश्न : अर्धेलीने शेती करणाऱ्याला निम्मे पीक मिळायचे. मग तो कर्जात कसा बुडे? – यवतमाळ

उत्तर : मालक जमीन, खेचर, अवजारे, बी देई, कुळाने राबायचे, कापूस निम्मा-निम्मा. मात्र पीक हाती येईपर्यंत पीठ, मीठ, कापड दुकानातून उधार आणावे लागे, आणि तारण म्हणून उभे पीक लिहून द्यावे लागे. उधारीचा भाव रोखीपेक्षा चढा असे.

एक नमुन्याचा हिशेब मांडू. समजा ६ गाठी कापूस झाला, गाठ ५०० पौंडांची, भाव पौंडाला १० सेंट. एकूण ३०० डॉलर, कुळाचा वाटा १५०. दुकानाची वही निघाली १६५ ची. म्हणजे वर्षभर राबून १५ डॉलर देणे, आणि ते पुढच्या सालच्या खात्यावर चढले. भाव ८ सेंटांवर आला की वाटा १२० आणि देणे ४५. वही दुकानदाराच्या हातात, तपासायची कुणी?

यातली खरी मेख अशी की दुकानदार मक्यापेक्षा कापसाचाच आग्रह धरी, कारण कापसाला हमखास गिऱ्हाईक होते. म्हणून स्वतःच्या शेतात धान्य कमी, आणि खायचे तेही उधारीवर. सगळेच कापूस लावू लागले, तसा भावही उतरत गेला.

प्रश्न : मतदानाचा हक्क घटनेत असूनही गेला कसा? – पणजी

उत्तर : चौदाव्या दुरुस्तीने (१८६८) नागरिकत्व आणि कायद्याचे समान संरक्षण दिले. पंधरावीने (१८७०) वंश, रंग किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणांवरून मत नाकारायला बंदी केली. तिने मताचा हक्क थेट दिला नाही, एवढीच फट पुरली. मिसिसिपीने १८९० मध्ये २ डॉलरचा मतदान-कर आणि राज्यघटनेतले कलम वाचून किंवा समजावून दाखवण्याची अट आणली. अट पुरी झाली की नाही, हे ठरवणारा कारकून गोरा. लुइझियानात १८९६ साली कृष्णवर्णीय मतदार १ लाख ३० हजारांवर होते. १९०४ मध्ये दीड हजारही उरले नाहीत.

पण नुसत्या फटींनी हे झाले नाही. १८७१ मध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ काउंट्यांत (जिल्ह्यांत) सैन्य वापरून कु क्लक्स क्लॅन हा कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणारा गोऱ्यांचा गुप्त गट मोडून काढला होता. म्हणजे इच्छा असली की जमत होते. १८७७ मध्ये दक्षिणेतले केंद्राचे सैन्य बराकीत परतले आणि ती इच्छाही संपली.

प्रश्न : जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. तेव्हा तिथे काय चालले होते? – पुणे

उत्तर : साल १८७३. एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्सला कृष्णवर्णीयांची सामूहिक हत्या झाली. सर्वोच्च न्यायालयाने १८७६ मध्ये आरोपींची शिक्षा रद्द ठरवली. सप्टेंबरमध्ये बँका कोसळल्या आणि उत्तरेचे लक्ष दक्षिणेवरून उडाले. तरी जोतीरावांना मनापासून पटले असते असे एक काम तेव्हा जोरात सुरू होते. कृष्णवर्णीय प्रतिनिधींनीही बसून लिहिलेल्या नव्या राज्यघटनांमुळे दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत पहिल्यांदाच सरकारी खर्चाच्या शाळांची राज्यभर व्यवस्था उभी राहत होती, आणि तिथे मुलांच्या जोडीने मोठी माणसेही अक्षरे गिरवत होती.