मेंटेनन्स कुणी भरायचा? तुमचं उत्तर बँक स्टेटमेंटमध्ये आहे

गंगाखेडकडच्या एका वाचकाचा प्रश्न आलाय. पोराच्या नीटच्या क्लाससाठी लातुरात फ्लॅट भाड्यानं घेतला, आई आणि लेकरू तिथं राहिले, भाडं 9,000, डिपॉझिट 40,000. 23 महिने झाले, परीक्षा झाली, आता फ्लॅट सोडायचा तर अपार्टमेंटचे चेअरमन म्हणायलेत की 19 महिन्यांचा मेंटेनन्स 28,500 आणि टँकरची वर्गणी 5,100 असे 33,600 भरा, नाहीतर सामानाचा टेम्पो गेटच्या आत येणार नाही. मालक पुण्याला असतात, ते म्हणतात राहिलात तुम्ही, भरायचंही तुम्हीच, डिपॉझिटमधून कापून घेतो. करार 11 महिन्यांचा, नोटरीवाला, तो संपून वर्ष झालं.

दर मे-जूनमध्ये मला असे फोन येतात. कुणी अहमदपूरचं, कुणी देगलूरचं, कुणी सेलूचं, आकडा बदलतो बाकी सगळं तेच.

भाऊ, तुम्ही पानभर लिहिलंय मालक कसे बोलले, चेअरमन कसे वागले, ते मी बाजूला ठेवतो. तुमच्या कामाची ओळ एकच आहे आणि ती तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलीय, की पहिले चार महिने तुम्ही 1,500 चेअरमनला फोनपे केले आणि मालकाला 7,500 च पाठवले, मग मालकांचा फोन आला की मला पूर्ण 9,000 पाठवत जा, सोसायटीचं मी बघतो. तुमचं सगळं प्रकरण या ओळीवर उभं आहे.

का ते सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. जागा भाड्यानं द्या नाहीतर लीव्ह अँड लायसन्सवर (ठराविक मुदतीपुरती वापरायची परवानगी) द्या, करार लेखी पाहिजे आणि रजिस्टर पाहिजे, आणि रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी मालकाची. नाही केला तर कोणत्या अटींवर जागा दिली होती याबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होत नाही तोपर्यंत. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. 11 महिन्यांचा आहे म्हणून रजिस्टर करायची गरज नाही हे आपल्याकडं नोटरीच्या टेबलावरसुद्धा सांगतात, ते इथं चालत नाही, एक महिन्याचा असला तरी कलम 55 लागतंच.

आता "उलट सिद्ध होत नाही तोपर्यंत" हे शब्द नीट वाचा. तुम्ही मालकाला 9,000 आणि चेअरमनला वरून 1,500 दिले असते तर मालकाचा वकील तेच चार व्यवहार दाखवून म्हणाला असता की बघा, मेंटेनन्स भाड्याच्या वर होता आणि हा माणूस स्वतः भरत होता. पण तुमच्या खात्यावर चार महिने 7,500 गेलेत, मालकानं ते घेतलेत, दीड हजार कमी का म्हणून एकदाही विचारलं नाही, आणि पाचव्या महिन्यापासून 9,000 गेलेत. म्हणजे मेंटेनन्स 9,000 च्या आतच होता हे तुमच्या नुसत्या तोंडी बोलण्यावर राहत नाही. बँकेत जाऊन या 23 महिन्यांचं स्टेटमेंट सही-शिक्क्यासह घ्या, मोबाईलच्या स्क्रीनशॉटवर भागवू नका, आणि मालकांचे, चेअरमनचे व्हॉट्सॲप मेसेज असलेला फोन विकू नका, रिसेट करू नका.

नोटरीच्या कागदात "लाईटबिल व इतर खर्च भाडेकरूने करावा" असं आहे म्हणता, मालक त्यातल्या "इतर"वर बोट ठेवतील. माझ्या मते लाईटबिलाला चिकटून आलेलं "इतर" म्हणजे तसाच वापराचा खर्च, पण दुसरा वकील वेगळं म्हणेल आणि जज काय म्हणतील ते मी लिहून देऊ शकत नाही. टँकरचं मात्र तुम्ही स्वतःच लिहिलंय की फोनवर ठरलं होतं तुम्ही द्यायचं. मग द्या. 5,100 बँकेतूनच ट्रान्सफर करा, "टँकर वर्गणी" असं लिहून, आणि पावती मागा. लातुरात उन्हाळ्यात टँकर काय असतो हे तुम्हाला सांगायची गरज नाही, 2016 ला इथं मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. वापरलेल्या पाण्याचे पैसे अडवून ठेवलेत तर बाकीचं तुमचं खरं म्हणणंसुद्धा ऐकताना लोक शंका घेतात.

चेअरमनचं सांगतो. तुमचं अपार्टमेंट 1970 च्या अपार्टमेंट कायद्याखाली असो नाहीतर सहकारी सोसायटी असो, थकबाकी त्यांनी मागायची ती फ्लॅटमालकाकडं. अपार्टमेंट असेल तर थकलेल्या रकमेचा बोजा त्या फ्लॅटवरच बसतो आणि सोसायटी असेल तर सहकार खात्याच्या निबंधकाकडून वसुली दाखला घेता येतो, पण तो सभासदाविरुद्ध. म्हणजे त्यांच्या हातात रस्ता आहे, तो सोडून तुमचा टेम्पो अडवायचा हक्क त्यांना कुणीही दिलेला नाही. भाडेकरू ठेवलाय म्हणून लावलेला जादा आकार त्या 28,500 मध्ये धरलाय का तेही विचारा. सोसायटी असेल तर त्याला सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांची मर्यादा आहे आणि तो मालकाच्या नावचा. पोलीस म्हणतील हे दिवाणी आहे. पैशाचा वाद दिवाणी आहेच, माणसाला आणि त्याच्या सामानाला वाटेत अडवणं मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम 126 मध्ये येऊ शकतं, म्हणून एक अर्ज आधीच लिहून ठाण्यात द्या, पोच घ्या, सामान न्यायच्या दिवशी अडवलंच तर तिथूनच 112 लावा.

आणि डिपॉझिट मिळाल्याशिवाय किल्ली देऊ नका असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर जागा अडवून बसलात तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 24 खाली मालकाला दुप्पट भाडं मागता येतं. तुमचा करार संपल्यावरही मालक वर्षभर भाडं घेत राहिले म्हणून मागच्या काळाचं त्यांना तसं सहज मागता येईल असं मला वाटत नाही, पण यापुढं त्यांच्या हातात ते देऊ नका. फ्लॅट रिकामा करा, प्रत्येक खोलीचा, मीटरचा व्हिडिओ काढा, किल्ली दिल्याची तारीख मेसेजवर कळवा.

मला खरा राग कशाचा आला सांगू का, सहा महिन्यांपूर्वी नोटीस बोर्डावर फ्लॅट नंबरसकट थकबाकी लागली, वहिनींनी तुम्हाला फोटो पाठवला, आणि तुम्ही मालकाला एक ओळसुद्धा लिहिली नाही. फोन केला म्हणता, फोनचं काय करायचं कोर्टात? आज मेसेज करा: "सुरुवातीचे चार महिने मेंटेनन्स वजा करून 7,500 पाठवले, तुमच्या सांगण्यावरून नंतर 9,000 पाठवले, त्यातून मेंटेनन्स तुम्ही भरायचा होता, डिपॉझिट 15 दिवसांत परत करा." तोच मजकूर पुण्याच्या पत्त्यावर स्पीड पोस्टानं टाका.

पैसे नाहीच आले तर 40,000 साठी दावा लावून तुम्ही गंगाखेडहून लातूरला किती तारखा करणार? मी अशा लहान रकमेचे दावे पाहिलेत, पोराचं एमबीबीएस होऊन जातं आणि पुरावा चालूच असतो. म्हणून आधी जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाकडं दाखलपूर्व, म्हणजे दावा लावायच्या आधीचा, अर्ज द्या, कोर्ट फी लागत नाही, लोकअदालतीत तडजोड झाली तर ती कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी असते आणि तिच्यावर अपील नाही. मालक आलेच नाहीत तर तिथं काही होणार नाही, हेही खरं. मग दावाच, त्याला मुदत साधारण तीन वर्षं, पण तीन वर्षं आहेत म्हणून थांबू नका.

शेवटचं विचारलंत, जूनमध्ये मुलगी अकरावीला लातुरातच येणार, दुसरा फ्लॅट बघताय. या वेळी ऑनलाईन रजिस्टर करा. तुमच्यासारख्या भाड्याला स्टॅम्प ड्यूटी तीनशेच्या आसपास, महापालिका हद्दीत रजिस्ट्रेशन फी 1,000, वर एजंटचे जे असतील ते. थंब द्यायच्या आधी ही ओळ घालून घ्या: "अपार्टमेंटचा मासिक मेंटेनन्स भाड्यात समाविष्ट असून तो मालक भरतील, टँकरची वर्गणी पावती घेऊन भाडेकरू भरेल." आणि 11 महिने संपायच्या आधीच पुन्हा रजिस्टर करा.