रविवारी साडेअकराला तुम्ही कुठे असता?

सप्टेंबर उजाडला, गणपती बसले आणि एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, सीझन सुरू झाला की माझ्याकडे प्रश्नांची रांग लागते. न्यू जर्सीपासून सॅन होजेपर्यंतची आपली मंडळी ड्राफ्टकिंग्ज आणि फॅनड्युएल या फँटसी अ‍ॅपवर पैसे लावून खऱ्या खेळाडूंची आठवड्याची टीम लावतात (मैदानावर ते जसे खेळतील तसे गुण) आणि दरवर्षी त्याच खड्ड्यात पडतात. यंदा आलेल्यांपैकी काही प्रश्न इथे घेतो.

प्रश्न : कॅश गेम म्हणजे रोखीने खेळायचा खेळ का?

नाही. पैसे सगळीकडेच लागतात. पहिला येणाऱ्याला घबाड मिळतं ती टूर्नामेंट. जिथे साधारण निम्मे लोक जिंकतात आणि सगळ्यांना सारखीच रक्कम मिळते ती कॅश गेम : फिफ्टी-फिफ्टी, डबल-अप आणि एकास एक, म्हणजे हेड-टू-हेड. इथे पहिला आलात काय आणि काठावर पास झालात काय, पैसे तेवढेच.

प्रश्न : मी भारतात क्रिकेटचं फँटसी खेळायचो. इथे कॅप्टन कुणाला करायचं?

नेहमीच्या खेळात कॅप्टन नसतोच. एका सामन्याच्या शोडाउनमध्ये असतो. त्याला दीडपट गुण, पण त्याची सॅलरी, म्हणजे अ‍ॅपने लावलेली त्याची किंमत, तीही दीडपट. तुम्ही शोडाउनपासून लांब राहा.

प्रश्न : ऑफिसातला मित्र म्हणतो, क्वार्टरबॅक आणि त्याच्याच टीमचे दोन रिसीव्हर घेतल्याशिवाय जिंकता येत नाही. खरं का?

मित्र टूर्नामेंटबद्दल बोलतोय. एक पास यशस्वी झाला की फेकणारा क्वार्टरबॅक आणि झेलणारा रिसीव्हर दोघांनाही गुण, म्हणून लाखांत पहिलं यायचं असेल तर अशी जोडी लागते. पण तो क्वार्टरबॅक ढेपाळला की तिघेही एकदम ढेपाळतात. आपल्याला निम्म्यांच्या पुढे जायचंय, आभाळाला हात लावायचा नाहीये. एक रिसीव्हर आपसूक जुळला तर असू द्या, मुद्दाम दोन कोंबू नका.

प्रश्न : ५०,००० डॉलरमध्ये नऊ जण बसतच नाहीत. पैसे कुठे वाचवावेत? आणि फ्लेक्समध्ये कोण?

ड्राफ्टकिंग्जवर टीमसाठी मिळणाऱ्या या लुटुपुटूच्या ५०,००० मध्ये एक क्वार्टरबॅक, बॉल घेऊन धावणारे दोन रनिंग बॅक, तीन रिसीव्हर, एक टाइट एंड (हा झेलतोही आणि अडवतोही), एक फ्लेक्स (रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड कुणीही) आणि एका टीमचा डिफेन्स. सरासरी डोई साडेपाच हजार. पैसे वाचतात ते स्वस्त खेळाडूमुळे नाही, तर काम वाढूनही ज्याची सॅलरी वाढलेली नाही अशा खेळाडूमुळे. २०१८ चा पहिला आठवडा आठवा. पिट्सबर्गचा लेव्हिऑन बेल कराराच्या वादात आलाच नाही. तो येणार नाही हे स्पष्ट होण्याआधीच त्याच्या जागी धावणाऱ्या जेम्स कॉनरची सॅलरी बदली खेळाडूच्या हिशोबाने लागून गेली होती. क्लीव्हलंडच्या पावसात कॉनरच्या हातात ३१ वेळा बॉल दिला गेला. १३५ यार्ड, दोन टचडाउन, वर पाच झेल. सामना २१-२१ असा बरोबरीत सुटला, पण कॉनर ज्यांच्याकडे होता त्यांना त्याचं काय!

म्हणून टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) मोजत बसू नका, बॉल किती वेळा हातात येणार ते मोजा. फ्लेक्सचं म्हणाल तर ड्राफ्टकिंग्जवर प्रत्येक झेलाला अख्खा एक गुण आहे, त्यामुळे दर सामन्यात सहा-सात झेल घेणारा रिसीव्हर किंवा पास झेलणारा रनिंग बॅक चालतो. फॅनड्युएलवर झेलाला अर्धाच गुण आणि बजेट ६०,०००. म्हणून एका अ‍ॅपची टीम दुसऱ्यावर जशीच्या तशी उतरवू नका. गुणांचे नियम त्या त्या अ‍ॅपवर एकदा वाचा. दहा मिनिटं लागतात.

प्रश्न : मी गुरुवारी रात्रीच टीम लावून टाकतो. रविवारी मुलांचे क्लास, मंदिर, पॉटलक. तरीही नेमका माझाच खेळाडू शून्यावर जातो. नशीब?

नशीब नाही, आळस. हा प्रश्न मला दर आठवड्याला येतो, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. कापून फ्रीजला लावा.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार टीम सरावाचा रिपोर्ट देते : पूर्ण सराव, मर्यादित, की अजिबात नाही. शुक्रवारी त्यावर शिक्का बसतो : आउट, डाउटफुल, क्वेश्चनेबल. पूर्वी ‘प्रॉबेबल’ नावाचा चौथा शिक्का होता, तो २०१६ मध्ये लीगने काढून टाकला. तेव्हापासून किरकोळ ठणक्यापासून खऱ्या दुखापतीपर्यंत बरंच काही ‘क्वेश्चनेबल’ या एकाच पोत्यात भरलं जातं. पोत्यात काय आहे ते कळतं सामन्याच्या ९० मिनिटं आधी, जेव्हा न खेळणाऱ्यांची अधिकृत यादी येते. इथे पूर्व किनाऱ्यावर एकचा सामना, म्हणजे साडेअकरा. सॅन होजेवाल्यांनो, तुमचे सकाळचे साडेआठ. चहा हातात असतोच, फोनही घ्या.

हे मी अनुभवाने शिकलो. एका वर्षी रविवारच्या सार्वजनिक आरतीला साडेअकराला टाळ वाजवत उभा होतो. फोन बाहेर चपलांच्या रॅकवर, जॅकेटच्या खिशात. प्रसाद घेऊन बाहेर आलो तेव्हा सव्वा वाजला होता आणि माझा सगळ्यात महागडा रनिंग बॅक साध्या कपड्यांत साइडलाइनवर उभा. आठ जणांची टीम घेऊन नऊ जणांशी लढलो. बायको म्हणाली, बाप्पाने बरोबर केलं.

दुसरी गोष्ट. ज्याचा सामना अजून सुरू झालेला नाही तो खेळाडू एकचे सामने चालू असतानाही बदलता येतो. म्हणून चार वाजताच्या सामन्यातला माणूस फ्लेक्सच्या जागी ठेवा. आयत्या वेळी तो बाहेर बसला तर त्या जागी रनिंग बॅक, रिसीव्हर, टाइट एंड कुणीही चालतो. रिसीव्हरच्या जागी अडकवलात तर फक्त रिसीव्हरच शोधावा लागेल. आणि खरंच साडेअकराला वेळ नसेल तर शिक्का नसलेलेच खेळाडू घ्या, किंवा त्या आठवड्याला खेळू नका. बातमी बघायची ती टीमच्या अधिकृत यादीत. ‘ऐकलं की तो खेळतोय’ या मेसेजवर नव्हे.

प्रश्न : व्हॉट्सअ‍ॅपवर एक जण महिन्याला ४० डॉलर घेऊन ‘९० टक्के खात्रीची’ लाइनअप देतो. घ्यावी का?

नव्वद टक्के खात्री असती तर तो तुमच्या चाळीस डॉलरच्या मागे कशाला लागला असता? हिशोब करा. दहा डॉलरच्या फिफ्टी-फिफ्टीत शंभर जण, जमा १,०००. पन्नास जणांना प्रत्येकी १८, म्हणजे ९००. उरलेले शंभर कंपनीचे. दहा लावून अठरा मिळतात, म्हणजे नुसतं बरोबरीत राहायलाही शंभरातले ५६ वेळा जिंकायला हवं. त्यावर त्याचे चाळीस. आणि समोर कोण असतं? २०१५ च्या बेसबॉल सीझनच्या पहिल्या सहामाहीतल्या फँटसीचा मॅकिन्झी या सल्लागार कंपनीने अभ्यास केला तेव्हा ९१ टक्के नफा टीम लावणाऱ्यांपैकी १.३ टक्के लोकांकडे गेलेला दिसला. नवशिक्यांसाठीच्या आणि एकाच एंट्रीच्या (एकाला एकच टीम) स्पर्धांत खेळा.

प्रश्न : जिंकलेल्या पैशावर टॅक्स? मी एच-वनवर आहे.

उत्पन्नात दाखवा, फॉर्म आला नाही तरी. वर्षभराच्या नोंदी ठेवा. तोटा वजा होतो का, किती होतो, हे तुमच्या सीपीएला (टॅक्सचा हिशोब बघणाऱ्याला) विचारा, व्हिसाचं वकिलाला. मला नको.

प्रश्न : पुण्यातला धाकटा भाऊ माझ्या अकाउंटवरून खेळू शकेल का?

नाही. अकाउंट दुसऱ्याला द्यायचं नसतं आणि भारतात २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे असे खेळ बंद झालेत. त्याला टीम लावायची हौस असेल तर फुकटच्या लीगमध्ये घ्या.

प्रश्न : नवरा रविवारी हरला की सोमवारी रात्रीच्या सामन्यावर दुप्पट लावतो. किती लावावेत याचा नियम सांगाल का?

ताई, नियम असा की आठवड्याला खात्यातल्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त लावू नये. पण तुमचा प्रश्न नियमाचा नाही. हरलेलं त्याच आठवड्यात वसूल करायला निघालेल्या माणसाला लाइनअप सांगून उपयोग नसतो. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये पैसे भरण्याची मर्यादा घालता येते, काही काळ खातं बंदही ठेवता येतं; ते त्यांच्याशी बोलून, त्यांच्याच हाताने करून घ्या. ऐकत नसतील तर १-८००-गॅम्बलर ही हेल्पलाइन आहे. घरच्यांनीही फोन केलेला चालतो. पुढच्या सोमवारची वाट बघू नका, आजच करा.