बाबांची येझदी परत रस्त्यावर आणायचीय : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या टू-स्ट्रोक (पेट्रोलमधे ऑईल मिसळून चालणाऱ्या) गाड्यांबद्दल लिहिलं त्यावर बरीच पत्रं आली, त्यात निम्म्याहून जास्त जावा-येझदी मोटारसायकलींचीच आहेत. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, पण हे चार प्रश्न असे आहेत की त्यात बाकीच्यांचंही बरंचसं येऊन जाईल.

बाबांची १९७४ ची येझदी सोळा वर्षं गोठ्यात उभी आहे, किक अजिबात दबत नाही. भाऊ म्हणतो आधी मस्त रंग मारून घेऊ मग इंजिन बघू. काय करू? (एक वाचक, सांगली)

दादा, रंग सगळ्यात शेवटी. आधी रंग मारला की इंजिन काढताना-बसवताना फ्रेमला ओरखडे पडणार, टाकीवर पेट्रोल सांडणार आणि तोच खर्च दुसऱ्यांदा करावा लागणार. आणि किकवर उभं राहून जोर तर अजिबात लावू नका, ढकलून गिअरमधे टाकून क्लच सोडणं तर लांबच. मी माझ्या पहिल्या गाडीला हेच केलं होतं, तिघांनी ढकलली, पिस्टनची रिंग एक्झॉस्टच्या पोर्टमधे (धूर बाहेर जायच्या भोकात) अडकून तुटली आणि तिच्या तुकड्याने पिस्टन आणि बोअर (सिलेंडरची आतली भिंत) दोन्ही खाल्ले. फुकट गेला ओरिजिनल पिस्टन, अजून वाईट वाटतं.

तुम्ही असं करा, प्लग काढा आणि त्या भोकातून अर्धा कप डिझेल आणि इंजिन ऑईल मिक्स करून ओता, आणि चार-पाच दिवस गाडीला हात लावू नका, मधे एकदा परत थोडं ओता. मग प्लग बाहेरच ठेवून गाडी चौथ्या गिअरला टाका, स्टँडवर मागचं चाक हाताने पुढे-मागे हलकेच हलवा, एका बाजूला जोर नाही, नुसतं हलवत राहायचं. आधी सुतभर हलतं, मग बोटभर, आणि एका क्षणी पिस्टन सुटल्याचं हाताला कळतं, ते सांगून कळणार नाही. नाहीच सुटला तर हेड आणि सिलेंडर उतरवायचं, तेही अवघड नाही. सुटला तरी चालू करायच्या आधी एकदा सिलेंडर उचलून रिंगा बघाच.

खोलताना प्रत्येक पायरीला मोबाईलवर फोटो काढा आणि नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत ठेवा, डब्यावर मार्करने लिहा, "क्लच", "डायनामो", "कार्बोरेटर". जुने बोल्ट फेकू नका, गंजलेले असले तरी, त्यांचं माप आणि आटे बघूनच लेथवाला नवीन करून देतो. आणि गाडी ६ व्होल्टची आहे, करंट बॅटरीवरूनच येतो, त्यामुळे डेड बॅटरी ठेवून "स्पार्कच नाही" म्हणून कॉईल बदलत बसू नका.

येझदी चालू झाली पण पांढरा धूर थांबतच नाही, शेजारी भांडायला येतात. मेकॅनिक म्हणतो बोअर करा (सिलेंडर आतून कापून मोठा करा), नवीन पिस्टन टाका. (एक वाचक, नाशिक)

थांबा, बोअर करू नका अजून. एक साधी गोष्ट बघा, गिअर ऑईल टाकून लेव्हल बघून ठेवा आणि शे-दीडशे किलोमीटरनंतर परत बघा. बाहेर गळती नसताना लेव्हल उतरली असेल तर ते ऑईल इंजिन पितंय. या गाडीत डाव्या बाजूला क्लच आणि प्रायमरी चेन ऑईलमधे फिरतात आणि त्यांच्या आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या) मधे एक रबरी ऑईल सील आहे. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की ते सुकून कडक होतं, मग क्रँककेस (क्रँकभोवतीची पेटी) तिकडून ऑईल ओढून घेतं आणि जाळतं. उजवीकडे डायनामोच्या बाजूचं सील गेलं तर उलट होतं, तिथून नुसती हवा आत येते, रेस आपोआप वाढते, मिश्रण पातळ होऊन इंजिन तापतं आणि चढावर पिस्टन जाम होतो. म्हणून दोन्ही सील एकदमच बदला. पिस्टनच्या मानाने सीलचा खर्च किरकोळ आहे, मेहनत काय ती क्लच उतरवून तिथपर्यंत पोचण्याची.

खरंच बोअर करायची वेळ आली तर पिस्टन आधी आणा आणि लेथवाल्याला हातात द्या, त्याच पिस्टनच्या मापाने बोअर झालं पाहिजे. सुरुवातीचे काही दिवस पेट्रोलच्या लिटरला ५० मिली टू-टी ऑईल (टू-स्ट्रोकसाठी पेट्रोलमधे मिसळायचं ऑईल), नंतर ४० वर या, आणि लांब चढावर सारखी ताणू नका.

टाकीत गंज आहे आणि खालून थेंब थेंब पेट्रोल गळतं. जवळच्या वेल्डिंगवाल्याकडे नेऊ का? (एक वाचक, कोल्हापूर)

ताई, हे कृपा करून नीट वाचा. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोकादायक असते, आत वाफ राहते आणि ठिणगी पडली की टाकी फुटते, माणसाचा जीव जातो. त्यामुळे पेट्रोल काढून साबणाच्या गरम पाण्याने पाच-सहा वेळा धुवा, आणि जुन्या टाक्यांचं काम नेहमी करणाऱ्याकडेच न्या, तेही टाकी सांधण्यापुरती जागा सोडून पाण्याने भरूनच.

त्यानंतर गंज. टाकीखालचा पेट्रोलचा कॉक काढून भोक बंद करा, साधं पांढरं व्हिनेगर टाकी भरून दोन दिवस ठेवा, आत मूठभर नट टाकून अधूनमधून हलवत राहा. ओतल्यावर खायच्या सोड्याचं पाणी फिरवा, स्वच्छ पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा, हेअर ड्रायर लावा, कारण उघडा पत्रा तासाभरात परत लाल व्हायला लागतो. वाळली की थोडं पेट्रोल आणि टू-टी ऑईल आत फिरवून ठेवा. बाहेरची सोनेरी लायनिंग शाबूत असेल तर पॉलिशवाल्याला सांगून ठेवा की त्यावर बफ फिरवायचा नाही, एकदा गेली की गेलीच.

आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुने रबरी पाईप खातं आणि पाणी ओढतं. पाईप नवीन टाका, आणि गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत चालवून मगच बंद करा.

आरसी वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, मुदत संपलीय. गाडी पन्नास वर्षांची झालीय, विंटेज नंबर घ्यावा का? (एक वाचक, पुणे)

आधी नाव बदला. मालक वारल्यावर वारसाला फॉर्म ३१ भरावा लागतो, मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते, मग आरटीओत पासिंग (गाडीची तपासणी) करून पुढची पाच वर्षं मिळतात. विंटेजचे नियम २०२१ ला आले, पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपात असलेली गाडी, नंबरमधे व्हीए येतं, फी २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. पण मग ती गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली आणि पेट्रोल-दुरुस्तीपुरतीच रस्त्यावर काढायची. तुम्ही लिहिलंय की रविवारी आईला मागे बसवून सिंहगडाच्या पायथ्याला जायचंय, तर माझं मत विचाराल तर जुनाच नंबर चालू ठेवा. आणि पार्टसाठी बुधवारी नाहीतर रविवारी जुन्या बाजारात जा, नवीन येझदीच्या शोरूममधे नको, ती फोर-स्ट्रोक आहे, इंजिनचं तिचं काहीच याला बसत नाही. मैसूरचा जुना कारखाना १९९६ लाच बंद झाला, त्यामुळे जे मिळेल ते हातात घेऊन, जुन्या पार्टशी जुळवून, मगच पैसे द्या.