रूझवेल्ट यांनी याल्टाला पत्नीऐवजी मुलीला का नेले?

फेब्रुवारी १९४५ मध्ये, दुसरे महायुद्ध संपत आले असताना, चर्चिल आणि स्टॅलिन यांच्याबरोबरच्या याल्टा परिषदेला जाताना अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी पत्नी एलिनॉर यांना मागे ठेवून मुलगी अ‍ॅना हिला का नेले, आणि वडिलांचे गुपित आईपासून दडवणारी ही मुलगी दोषी नव्हती का, असे आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देते, कारण मी लिहायला बसले ती दुसऱ्यासाठी.

एलिनॉर यांनी बरोबर येण्याची इच्छा बोलून दाखवली होती. त्या आल्या तर सगळ्यांना विशेष सरबराई करावी लागेल, अ‍ॅनाला नेणे सोपे, असे सांगून रूझवेल्ट यांनी ती टाळली. चर्चिल सेरा या मुलीला आणि मॉस्कोतील अमेरिकी राजदूत हॅरिमन कॅथलीनला घेऊन आले होते, त्यामुळे हे शोभूनही गेले. माझ्या मते खरे कारण प्रकृतीचे होते. मार्च १९४४ मध्ये हॉवर्ड ब्रून या हृदयरोगतज्ज्ञांना अध्यक्षांचे हृदय थकत चालल्याचे आढळले होते. अ‍ॅना त्यांच्या विश्रांतीवर पहारा ठेवत असे, तर एलिनॉर जेवणाच्या टेबलावरही लोकांची गाऱ्हाणी मांडत.

आता ते गुपित, म्हणजे ल्यूसी मर्सर. १९१८ मध्ये युरोपहून आजारी परतलेल्या नवऱ्याचे सामान लावताना एलिनॉर यांना ल्यूसी यांनी त्याला लिहिलेली प्रेमपत्रे सापडली, आणि ल्यूसी तर एलिनॉर यांच्याच चिटणीस राहिलेल्या. घटस्फोटाची भाषा झाली, सासूबाईंनी मुलाचा पैसा तोडण्याची धमकी दिली आणि संसार टिकला. १९४४ मध्ये ल्यूसी विधवा झाल्या. त्यानंतर आई घरी नसताना एका जुन्या मैत्रिणीला जेवायला बोलावण्याविषयी रूझवेल्ट यांनी अ‍ॅनाला विचारले आणि तिने होकार दिला.

तसाच होकार एकोणिसाव्या वर्षी मीही दिला आहे. माझे वडील आमच्या गावाचे नगराध्यक्ष होते. पाणीयोजनेची पाहणी करण्यासाठी जर्मन पाहुणे यायचे होते, आणि दुभाषी म्हणून वडिलांनी ज्या बाईंना पुण्याहून बोलावले, त्यांच्याशी वडिलांचे लग्न ठरता ठरता मोडले होते, हे आमच्या घरात सर्वांना ठाऊक होते, फक्त कोणी उच्चारत नसे. आईला इंग्रजी येत नाही, ती अवघडून जाईल, असे सांगून वडिलांनी तिला घरी ठेवले आणि विश्रामगृहावरच्या जेवणाला मला नेले. जाताना जीपमध्ये ते म्हणाले, "दुभाषी कोण आहे ते आईला सांगू नकोस, उगाच मनाला लावून घेईल." मी हो म्हटले. त्या संध्याकाळी वडील जितके हसले, तितके हसताना मी त्यांना घरी कधी पाहिले नव्हते, आणि मला त्याचा आनंद झाला, हेच मला पुढे कित्येक वर्षे बोचत राहिले.

आईला ते आत्याने सांगितले. १२ एप्रिल १९४५ रोजी वॉर्म स्प्रिंग्ज येथे रूझवेल्ट कोसळले तेव्हा ल्यूसी तिथेच होत्या, आणि ही गोष्ट, अ‍ॅनाच्या हातभारासह, एलिनॉर यांना सांगितली ती लॉरा डेलानो या रूझवेल्ट यांच्या नात्यातल्या बाईंनीच. माझी आई महिनाभर माझ्याशी कामापुरते बोलली. वडिलांशी मात्र ती नेहमीसारखी बोलत होती. माझा मोठा भाऊ आजही म्हणतो की मी आईला फसवले. तो तेव्हा मुंबईत शिकत होता. जीपमध्ये वडिलांच्या शेजारी त्याला कोणी बसवले नव्हते. ज्याने गुपित निर्माण केले त्याला सोडून ते ज्याच्या हाती दिले त्याला धरायचे, हा न्याय मला मान्य नाही, अ‍ॅनाच्या बाबतीतही नाही. आपल्या घरात असे काही घडले असेल, तर आधी वडिलांना जाब विचारा.

अर्थात अ‍ॅना तेव्हा अडतीस वर्षांची होती आणि तिने एकदा नव्हे, अनेकदा भेटी जुळवून आणल्या, हे मला नाकारता येत नाही. माझ्या वडिलांच्या बाबतीत त्या जेवणापलीकडे काही होते, असा माझा दावाही नाही.

रूझवेल्ट गेल्यानंतर एलिनॉर यांनी त्यांचे एक लहान चित्र ल्यूसी यांना पाठवले. ते का पाठवले असावे, याचा अंदाज मला वडील वारले तेव्हा आला. त्या बाईंचे सांत्वनाचे पत्र आले होते. आईने उत्तर स्वतःच्या हाताने लिहिले, आत वडिलांचा तरुणपणचा एक फोटो घातला आणि पाकीट पोस्टात टाकायला भावाला पाठवले. वरचे नाव आणि पुण्याचा पत्ता त्याने वाचला असणारच, पण त्याविषयी तो मला एका शब्दानेही बोललेला नाही.