अल्युमिनियमच्या चुऱ्यापासून हायड्रोजन करायचाय म्हणतोस, तर आधी हे वाच

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवरचा अल्युमिनियमचा चुरा मिळतोय, तो कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात टाकून हायड्रोजन काढायचा म्हणून उत्साह आलाय तुला, चांगलंय की. पण त्याला कटिंग ऑइल लागलेलं असतंय, आधी साबणाच्या गरम पाण्यानं धुऊन घे, नाहीतर रिअ‍ॅक्शन नीट होत नाही आणि फेस वर येतोय. लोखंडाचा चुरा मिसळलाय का ते लोहचुंबकानं बघ, कॉस्टिकमध्ये (म्हणजे कॉस्टिक सोडा, सोडियम हायड्रॉक्साइड) लोखंड काही गॅस देत नाही.

आता हिशोब. ५४ ग्रॅम अल्युमिनियममागं ६ ग्रॅम हायड्रोजन, म्हणजे किलोला साधारण १११ ग्रॅम, त्यात ऊर्जा ३.७ युनिटच्या आसपास, आणि तोच किलो धातू भट्टीत नवीन बनवायला १३-१४ युनिट वीज जाते. म्हणून चांगला स्क्रॅप वितळवायलाच दे बाबा, जो वितळवून परवडत नाही तोच यात घाल.

आणि हे मनापासून सांगतोय, बंद बाटलीत कधीच करू नकोस. रिअ‍ॅक्शन तापत जाते, तापली की अजून जोरात होते, आणि हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की ठिणगीवर पेटतोय. कॉस्टिक पाण्यात थोडं थोडं टाक, उलटं नको. गॉगल, हातमोजे पाहिजेतच. घरात नको, कॉलेजच्या लॅबमध्ये सरांसमोर कर, चुरा चिमटीचिमटीनं.

उरलेलं पाणी गटारात ओतू नकोस, त्यात सोडियम अल्युमिनेट (कॉस्टिक आणि अल्युमिनियमपासून झालेलं संयुग) असतंय. बेळगावच्या हिंडाल्को कारखान्यात बॉक्साइट या खनिजातनं अल्युमिना (अल्युमिनियम ऑक्साइड) काढतात तेव्हाही हेच द्रावण तयार होतंय, वाचून ठेव.